कुर्लीच्या चालीनं

गेल्याच्या आधीच्या मार्गशीर्षातली वद्य अष्टमी. पहाटेचे पाच वाजत आले होते. अर्धा चंद्र डोक्यावर आला होता आणि भाट्याच्या पुलावरचे दिवे खाडीच्या पाण्यात लांब उतरले होते. होडी चाचांची. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे, सगळी हयात रत्नागिरीच्या राजिवड्यात, काजळी नदीच्या मुखावर गेलेली. जाळ्यांचं मोठं काम आता मुलगे बघतात. चाचा घरच्या कालवणापुरत्या कुर्ल्या काढायला खाडीत येतात आणि गेली काही वर्षं मीही त्यांच्याबरोबर येतो.

पाऊण तासापूर्वी टाकलेला दोर आता ओढायचा होता. २०० मीटर लांब, दीड-दीड मीटरवर कोंबडीचा एकेक पाय बांधलेला. दोर खाडीच्या तळाशी तिवरांच्या कडेनं पसरलेला होता. चाचांनी वल्हं धरलं, मी वाकून दोर हातात घेतला. पहिले सहा-सात पाय रिकामे आले. पुढचा जड लागला. दोराला ते जडपण कळतं; मासा गळाला लागल्यावर जसा झटका बसतो तसं नव्हे, कुणी शांतपणे पिशवी अडकवावी तसं. मी हळूहळू खेचत होतो. पाण्याखाली वीतभर अंतरावर काळसर पाठ दिसली, रुंद, चांगली अर्ध्या किलोची. नेमका त्याच क्षणी माझा उजवा खांदा धरला, हात हिसकला, आणि पाठ दिसेनाशी झाली.

चाचा रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘‘ओढलास कशाला? कुर्ली ओढून येत नाय. ती सोडीत नाय म्हणून येते.’’

त्या वाक्यानं माझं पुढचं वर्ष खाल्लं. कारण खांदा बरा होणार नव्हता, आणि कुर्ल्या सोडायच्या नव्हत्या. मोटार लावून दोर ओढायचं यंत्र घ्यायचं किंवा बनवायचं, हे मी त्या पहाटे ठरवलं. पण असं यंत्र निवडायचं कसं, याचं अर्धं उत्तर चाचांनी मला आधीच दिलेलं होतं. ते कळायला मला वेळ लागला.

मिठीवर चालणारी शिकार

रत्नागिरीत खाडीकाठी वाढलेल्या कुठल्याही माणसानं लहानपणी हे केलेलं असतं. सुतळीला बांगड्याचं डोकं बांधायचं, धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात सोडायचं, आणि सुतळी तिरपी चालायला लागली की श्वास रोखून वर घ्यायची. गळ नाही, काटा नाही, फास नाही. कुर्ली खाण्याला नांगीनं धरते आणि धरलेलं सोडायला तयार नसते. तिच्या या हट्टावर सगळा खेळ. दुसऱ्या हातात दांड्याची जाळी हवी, कारण पाण्याचा पृष्ठभाग फुटला, उजेड लागला, की तिचा हट्ट संपतो.

कुर्ली पकडायच्या बाकीच्या रीतींत बळ लागतं. बिळात वाकडी सळई घालून तिला बाहेर काढायला मनगट लागतं आणि बोट गमावायची तयारी लागते. रिंगणाला जाळं बांधून मधोमध आमिष लावलेला सापळा झपकन उचलावा लागतो. सुतळीच्या रीतीला मात्र फक्त संथ हात लागतो.

हीच सुतळी आडवी करून शेकडो हात लांब केली, एकाऐवजी शंभर-सव्वाशे आमिषं लावली आणि दोन्ही टोकांना वजन व बोया बांधला, की जी गोष्ट तयार होते तिला अमेरिकेत ट्रॉटलाइन म्हणतात. माझा मावसभाऊ मेरीलँडमध्ये राहतो. चेसापीक उपसागराच्या काठावर उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचे सगळे जण होडी घेऊन हेच करतात, असं त्यानं मला सांगितलं आणि चित्रफीत पाठवली. होडीच्या काठावर एक चाक फिरत होतं, दोर त्यावरून सरकत होता, आणि माझा पुतण्या जाळी पुढे धरून एकेक निळी कुर्ली टोपलीत टाकत होता. कुणाच्या खांद्याला काही काम नव्हतं.

तिकडची कुर्ली आपल्या खाडीतल्या कुर्लीपेक्षा वेगळी. कॅलिनेक्टिस सॅपिडस हे तिचं नाव मेरी रॅथबन या अभ्यासक बाईंनी १८९६ साली ठेवलं. त्याचा अर्थ चवदार असा सुंदर पोहणारा जीव. तिथे तारेचे मोठे पिंजरे टाकून कुर्ल्या धरण्याचा धंदा विसाव्या शतकात वाढला, पण मेरीलँड राज्यानं उपसागराला मिळणाऱ्या बहुतेक नद्यांमध्ये धंद्याच्या पिंजऱ्यांना मनाई ठेवली. म्हणून तिथल्या नद्यांत धंदेवाईकांनीही लांब दोराची जुनी रीत टिकवली, आणि ती त्यांच्या हातून हौशी लोकांकडे गेली. हौशी माणसानं नियम पाळायचे असतात. मोसमाच्या पहिल्या भागात ५ इंचांहून लहान नर ठेवायचा नाही, १५ जुलैपासून ही मर्यादा सव्वापाच इंच. आणि २००८ सालापासून हौशी माणसानं मादी घरी न्यायचीच नाही. हे नियम मी मुद्दाम इथे सांगतो आहे, कारण पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आपली खाडी, आपली कुर्ली

चित्रफितीतलं यंत्र जसंच्या तसं आणून भाट्याच्या खाडीत बसवलं असतं, तर ते चाललं नसतं. हे कळण्यासाठी आधी कुर्लीकडे आणि पाण्याकडे बघावं लागतं.

आपली खाडीतली मोठी कुर्ली म्हणजे सिला प्रजातीची. पीटर फोर्स्कोल यानं तांबड्या समुद्राच्या काठावरून आणलेल्या नमुन्यांवरून तिचं पहिलं वर्णन १७७५ साली छापून आलं. पुढे दोनशे वर्षं अनेक प्रकारच्या कुर्ल्या त्या एकाच नावाखाली मोजल्या जात होत्या; १९९८ साली कीनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या चार जाती वेगळ्या केल्या. भारतात त्यातल्या दोन मुख्य. एक हिरवट, अंगानं मोठी, पायांवर जाळीसारखी नक्षी असलेली. दुसरी तांबूस-तपकिरी, लहान चणीची. खाडीकाठच्या माणसानं मात्र हा फरक कधीच हेरलेला होता. हिरवी वेगळी आणि लाल वेगळी, हे चाचांना कुणी शिकवलेलं नाही.

ही कुर्ली दिवसा चिखलात, तिवर आणि कांदळाच्या मुळांखालच्या बिळात असते. अंधार पडला, पाणी चढू लागलं, की ती बाहेर पडते. तिकडची निळी कुर्ली पोहत दोरापाशी येते, आपली चालत येते. तिला वास लागावा लागतो, त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून दोर खाडीच्या मधोमध टाकून उपयोग नाही. तिवरांच्या कडेला समांतर, एक-दोन मीटर पाण्यात, चिखलाच्या तळावर टाकायचा. आडवा तर कधीच टाकायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांच्या पंख्यात तो जातो आणि जिवावर बेततं. कालवांचे खडक कुठे आहेत हे सुकतीला जाऊन डोळ्यांनी बघून ठेवायचं. कालवाची धार नायलॉनला सुरीसारखी कापते.

दुसरी गोष्ट पाण्याची. भरती-ओहोटीचा जोर तिथीवर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग. उधाणाला खाडीत पाणी असं धावतं की दोर तळावर राहत नाही आणि होडीही जागेवर राहत नाही. भांगाला पाणी शहाण्यासारखं वागतं. वेळेचा हिशोब जुनाच आहे: तिथीला पाऊणपट करायचं, पूर्ण भरतीचा तास अंदाजे मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा; सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पाणी चढून थांबतं आणि उलटतं त्याच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास, एवढंच आपलं काम.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपलं पाणी गढूळ आहे. पावसाळ्यानंतर कितीही निवळलं तरी खाडीत वीतभर, फार तर दीड वीत खाली दिसतं. त्यापेक्षा खोल असलेली कुर्ली दिसतच नाही. दिसते तेव्हा ती जवळजवळ पृष्ठभागाशी आलेली असते. जाळी घालायला मिळणारा वेळ म्हणजे तेवढ्या एका वितीचा प्रवास. दोर वेगानं येत असेल तर ती वीत डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते.

इथे चाचांचं वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. यंत्र घेताना मी विचारत होतो, किती किलो ओढेल? विचारायला हवं होतं, किती सावकाश ओढेल?

चाक, मोटार, स्विच

आता कामाचं बोलू. असं यंत्र घ्यायचं किंवा बनवायचं असेल त्यानं पुढच्या गोष्टी बघाव्यात.

आधी हे समजून घ्यायचं की यंत्र दोर होडीत गोळा करत नाही. दोराची दोन्ही टोकं तळाशी पक्की असतात. चाक दोराला धरून फिरतं आणि त्यामुळे होडीच दोरावरून पुढे सरकते. दोर एका बाजूनं पाण्यातून वर येतो, चाकावरून जातो आणि मागे पुन्हा पाण्यात बसतो, आमिषासकट. म्हणजे मोटारीला ओढायचं असतं ते होडीचं वजन पाण्यावरून, आणि वारा-पाण्याचा विरोध. छोट्या होडीला भांगाच्या पाण्यात आठ-दहा किलोची ओढ पुरते. यापेक्षा जास्त लागत असेल तर यंत्र बदलायचं नसतं, त्या वेळी दोर ओढायला जायचं नसतं.

मोटार मी कारच्या वायपरची घेतली. १२ व्होल्टची, भंगारात मिळणारी. बस आणि ट्रकची बहुधा २४ व्होल्टची असते, ती आपल्या बॅटरीवर रडत चालते. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो, त्यामुळे ती मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या एवढ्याच देते, पण जोर चांगला देते. या गिअरचा आणखी एक गुण आहे: वीज बंद केली की चाक जागच्या जागी राहतं, उलटं फिरत नाही. दोर मागे पळत नाही.

चाकाच्या मापात मी आधी चुकलो. मोठं चाक छान दिसतं म्हणून २० सेंटीमीटर व्यासाचं बसवलं. त्याचा घेर सुमारे ६३ सेंटीमीटर. मिनिटाला ४५ फेऱ्या म्हणजे जवळजवळ २८ मीटर दोर, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या जवळ. निवळ पाण्यात हा वेग चालतो. भाट्याला पहिल्या दिवशी पाच कुर्ल्या पाण्याच्या तोंडाशी येऊन सुटल्या. मग १५ सेंटीमीटरचं चाक आणलं. घेर ४७ सेंटीमीटर, आणि वेग कमी करणारा छोटा रेग्युलेटर लावून मिनिटाला ४० फेऱ्या; म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ सेंटीमीटर. २०० मीटरचा दोर संपायला अकरा मिनिटं लागायला लागली. चाक लहान झाल्यानं ओढही वाढली, कारण तेवढ्याच मोटारीला आता कमी लांबीचा दांडा फिरवायचा होता. वेग घटला आणि जोर वाढला, दोन्ही एकाच बदलानं.

चाकाची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी हवी आणि तिला आतून रबर हवं. ओला, चिखलाचा दोर गुळगुळीत लोखंडावर घसरतो. मी दोन तबकड्यांच्या मध्ये जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं आणि बोल्टनं आवळलं. खाच इतकी रुंद ठेवायची की आमिष आणि गाठ न चेचता जाईल. आणि चाकाची वरची बाजू उघडी ठेवायची. दोर कुठे अडकला तर हातानं उचलून खाचेबाहेर काढता आला पाहिजे. वर्म गिअर असल्यानं दोर आपोआप सैल पडत नाही. चाकाच्या पुढे, होडीच्या काठाबाहेर, एक साधी कप्पी लावायची, म्हणजे दोर होडीपासून हातभर दूर वर येतो आणि जाळीवाल्याला कुर्ली आधी दिसते.

स्विच पायाखालचाच हवा, शिलाई मशीनला असतो तसा. दाबला तर चालणार, पाय उचलला की थांबणार. चालू-बंदचा साधा खटका लावून हात मोकळे ठेवायचा मोह होतो. तो धरू नये. दोन माणसं, एक जाळी, एक सुरी, ओला दोर आणि फिरतं चाक असलेल्या होडीत कुणाचा हात किंवा शर्टाची बाही गेली, तर थांबवायला एक क्षण असतो. अंगठी काढून ठेवायची, बाह्या वर करायच्या, लाइफ जॅकेट घालायचं, सुरी हाताशी बांधलेली ठेवायची.

फ्यूजबद्दल मी अनुभवानं सांगतो. पहिल्या चाचणीत फ्यूज नव्हता. दोर कालवाच्या खडकात अडकला, मी पाय दाबूनच ठेवला, मला वाटलं सुटेल. मोटार अडली की ती नेहमीच्या कितीतरी पट वीज खेचते. जळलेल्या वार्निशचा वास आला आणि चाक मेलं. आता बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज असतो. दोर अडकला की फ्यूज जातो, आणि मला सांगतो की मी ओढतो आहे.

बॅटरीचा हिशोब सोपा. माझी मोटार चालताना चार-पाच अँपिअर घेते. दोन तासांत, मध्ये थांबत-थांबत, दहाच्या आत अँपिअर-तास. सीलबंद शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये, म्हणून २६ अँपिअर-तासाची घेतली. वजन आठ-नऊ किलो. लिथियमची याहून बरीच हलकी येते, पण महाग. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, होडीच्या मधोमध, तळापासून वर. तारा जाड घ्यायच्या, जोड उघडे ठेवायचे नाहीत, टोकांना व्हॅसलिन लावायचं. आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं. खाडीची हवा एका पावसाळ्यात लोखंडाचा भुगा करते; बोल्ट आणि पट्ट्या समुद्राच्या कामाच्या स्टेनलेसच्या असल्या तर टिकतात.

दोर

यंत्राबद्दल लोक तासभर बोलतात आणि दोर बाजारातून कुठलाही आणतात. वास्तविक कुर्लीचा संबंध दोराशीच येतो.

तरंगणारा प्लास्टिकचा दोर नको, तो तळ सोडतो. तीन पेडी नायलॉनचा सहा मिलीमीटर जाडीचा दोर बरा. तो बुडतो आणि चाकात नीट बसतो. वेगळ्या लहान दोऱ्या बांधून त्यांना आमिष लटकवायचं नाही, चाकाशी येऊन त्या गुंडाळतात. दोराचे पेड पिळून उकलायचे, मध्ये कोंबडीचा पाय सरकवायचा आणि पेड सोडायचे. दोर स्वतःच तो धरून ठेवतो. दोन्ही टोकांना तीन-चार किलोची साखळी, आणि साखळीपासून बोयापर्यंत पाण्याच्या खोलीहून तीन मीटर जास्त दोरी. भरती चढली की आखूड दोरी साखळीलाच उचलते, आणि आपण परत येतो तेव्हा दोर भलतीकडेच असतो.

आमिष चिवट हवं. तारली, बांगडा यांचा वास उत्तम, पण दोन-तीन नांग्यांत ते संपतं. कोंबडीचे पाय आणि माना टिकतात. मुशीची कातडी असलेले तुकडे त्याहून टिकतात. काम झाल्यावर दोर आमिषासकट पिंपात घालून वर खडे मीठ टाकलं की पुढच्या भांगापर्यंत तो तसाच वापरता येतो. मीठ लागून मांस आणखी चिवट होतं. पिंपाचं झाकण घट्ट हवं आणि पिंप घरापासून लांब.

अकरा मिनिटं

यंत्र नीट बसल्यावरची पहिली पूर्ण फेरी अशी झाली. माघातली अष्टमी, तीच पहाटेची वेळ. पहिला बोया आकडीनं उचलला, दोर कप्पीवरून चाकात बसवला. कपाळावरचा दिवा खाली, पाण्याच्या त्या एका वितीवर. पाय दाबला. मोटारीचा आवाज शिलाई मशीनहून मोठा नव्हता. दोर गळत वर येऊ लागला.

रिकामा पाय. रिकामा. एका पायाला फक्त लहान खेकड्यांनी कुरतडलेली हाडं. मग दोर खाली दबला. आता मला ते हाताला कळत नव्हतं, पण कप्पीच्या पुढे दोराचा कोन बदलला, तो जरा जास्त सरळ खाली गेला. मी टाचेत वजन घेतलं. चाचांनी जाळी पाण्यात घातली होती, दोराच्या खाली, पुढून नाही, मागून आणि खालून. काळसर पाठ गढुळातून वर आली. एक नांगी आमिषावर, दुसरी उघडी. ती चाकाकडे येत होती, पण तिला ओढल्यासारखं वाटत नसावं. खाणं चालत होतं आणि ती त्याबरोबर चालत होती. चाचांनी मनगट फिरवलं. जाळी वर आली आणि त्यात दोन्ही नांग्या उघडून ती पाणी झटकत उभी राहिली.

चाचांनी ती फळीवर टाकली, पायाच्या तळव्यानं पाठ दाबून ठेवली, एकेक नांगी अंगाशी दुमडली आणि सुंभानं बांधली. वीस सेकंदं. हे काम कुठलंही यंत्र करणार नाही, आणि शिकल्याशिवाय कुणी करूही नये. मोठ्या नराची नांगी बोटाचं हाड मोडते. बांधलेली कुर्ली ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली की दिवस-दीड दिवस सहज जगते.

अकरा मिनिटांत सात कुर्ल्या वर आल्या. घरी गेल्या तीन.

किती, आणि कुठल्या

उरलेल्या चार का सोडल्या, हे सांगितल्याशिवाय हा लेख अर्धा राहील.

एक माझ्या तळहाताहून लहान होती. दोन नुकत्याच कात टाकलेल्या, पोकळ. पोकळ कुर्ली ओळखायची सोपी खूण आहे: उलटी धरून पायांच्या मुळाशी छातीच्या कवचावर अंगठ्यानं दाबायचं. दबलं तर आत पाणी, मांस नाही. अमावास्येला कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोकणात सगळे मानतात. अंगठा तिथीची वाट न बघता सांगतो. कात टाकलेल्या कुर्लीला महिनाभर खाडीत राहू दिलं की ती भरते. कोकणात काही बचत गट पोकळ कुर्ल्या पिंजऱ्यांत खाऊ घालून भरवतात आणि मग विकतात. खाडी हेच काम फुकट करते.

चौथी मादी होती. पोटाखालची झडप नराची अरुंद, त्रिकोणी. मोठ्या मादीची रुंद, गोल. ही भरलेली होती, आत लाख, म्हणजे गाभोळी, असणार हे उघड. रत्नागिरीत कुर्लीच्या कालवणाचं सगळं वैभव त्या नारिंगी लाखेत असतं, आणि चाचांच्या घरात तिची वाट बघतात. म्हणून या एका बाबतीत आमचं एकमत नाही. चाचा म्हणतात, बाहेर अंडी लागलेली मादी सोडायची, आणि ती ते कटाक्षानं सोडतात. मी आता कुठलीच मोठी मादी घेत नाही. ती खाडीतून समुद्रात जाते, तिथे लाखांनी अंडी घालते, पिल्लं तीन-चार आठवडे लाटांवर वाढून मगच किनाऱ्याकडे आणि खाडीच्या तोंडाशी येतात. त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोठी होतात. चाचांचं पोट आणि त्यांच्या आधीच्या चार पिढ्यांचं पोट या खाडीवर आहे. माझं नाही. जो हौसेनं येतो त्यानं आपला नियम पोटासाठी येणाऱ्याहून कडक ठेवावा. मेरीलँडचा मादीचा नियमही हौशी माणसालाच लागू आहे, हे मला योग्य वाटतं.

मोटार आली की हे आणखी गरजेचं होतं. रत्नागिरीला हे वेगळं सांगायला नको. मिरकरवाड्याच्या बंदरात पर्ससीन जाळ्यांवरून किती वर्षं भांडण चाललं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या मासेमारीबद्दलच्या सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ साली आला, २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: समुद्र देतो त्याहून जास्त वेगानं ओढणारी यंत्रं. २०२३ साली राज्यानं ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तोही याच अनुभवातून. वायपरची मोटार त्या यंत्रांपुढे काहीच नाही. पण खाडीही समुद्रापुढे लहान आहे.

म्हणून माझे पाच नियम आहेत. महिन्यात दोन भांग, प्रत्येकी एक पहाट. दोर एकच. घरी फार तर चार कुर्ल्या, सगळ्या नर, सगळ्या तळहाताहून मोठ्या. आणि दुसऱ्या गावच्या खाडीत दोर टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारायचं. साखरतर असो, पूर्णगड असो, जयगडची खाडी असो, कुठलंही पाणी बेवारस नाही. तिवरांना हात लावायचा नाही; कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि राज्याच्या वन विभागात त्यासाठी २०१२ पासून वेगळा कांदळवन कक्ष आहे. पण कायदा नसता तरी, तिवर तोडून कुर्ली शोधणं म्हणजे घर पाडून भाडेकरू शोधणं.

रेग्युलेटर

चाचांनी वर्षभर या यंत्राकडे बघितलं, पण त्याबद्दल एक शब्द काढला नाही. चालेल की नाही, किती लागले, कुठून आणलं, काही नाही. मी ते बसवायचो, ते जाळी धरायचे.

गेल्या फाल्गुनात एका पहाटे त्यांची बायको आजारी असल्यानं ते लवकर परतायचं म्हणून आले होते. पाणी उलटायच्या बेतात होतं. मला वाटलं, आज वेग थोडा वाढवावा, दोर पटकन उरकावा. मी रेग्युलेटरकडे हात नेला. चाचांनी जाळी पाण्यातच ठेवून विचारलं, ‘‘ह्ये अजून हळू व्हतं काय?’’

मी म्हटलं, ‘‘होतं.’’

‘‘मग कर की.’’

मी चाक अर्ध्यावर आणलं. मोटारीचा आवाज जवळजवळ गेला. फक्त दोरावरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. चाचा वाकले, आणि गढूळ पाण्यातल्या त्या एका वितीकडे बघत राहिले. पलीकडे पुलावरून पावसकडे जाणारी पहिली एसटी गेली. मग दोराचा कोन बदलला.